गेटवरचे तास कुणाच्या खात्यात?

ट्रकचालकांच्या कामाच्या तासांना मर्यादा हवी म्हटलं की जालन्यात उत्तर तयार असतं. असले नियम अमेरिकेत, युरोपात ठीक. तिथले रस्ते वेगळे, पगार वेगळे. इथे आठ तासांनी गाडी उभी करायची ठरवली तर सळई साइटवर वेळेत पोचणार नाही, मोसंबी वाटेत नासेल, आणि गाडीचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला खात्यातून जाईलच. शेवटी हुकमाचं पान टाकलं जातं: ड्रायव्हरलाच थांबायचं नसतं, तुम्ही कशाला मध्ये पडता?

हे उत्तर मिलच्या ऑफिसात मिळतं, ट्रान्सपोर्टच्या गाळ्यात मिळतं, आणि थोडं मवाळ होऊन सरकारी कचेरीतही मिळतं. त्यात काही गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलंय. पण पुरतं तपासलं तर त्यातला एकही मुद्दा उभा राहत नाही.

आधी तो ‘परदेशी’ नियम. तो कुठून आणायचा नाहीच, इथेच पडून आहे. जालना जिल्हा औरंगाबादेतून वेगळा निघाला १ मे १९८१ रोजी. मोटार परिवहन कामगार अधिनियम १९६१ चा. जिल्ह्यापेक्षा कायदा वीस वर्षांनी थोरला. त्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम अशी हद्द होती. लांब पल्ल्यासाठी अधिकाऱ्याच्या मंजुरीने ती १० आणि ५४ पर्यंत जायची. ५ तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाचा विसावा, आजचं काम संपल्यापासून उद्याचं सुरू होईपर्यंत सलग ९ तास मोकळे, सात दिवसांत एक दिवस सुट्टी, जादा कामाला दुप्पट मजुरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने हेच तास परिवहन वाहन चालवणाऱ्या प्रत्येकाला लावले. कायद्यात असं, आणि रस्त्यावर कसं? सेव्हलाइफ फाउंडेशनने दहा शहरांतल्या ट्रकचालकांची पाहणी करून २०२० साली अहवाल काढला. त्यात चालक दिवसाला सरासरी १२ तासांच्या आसपास गाडी चालवतो आणि चारशेहून जास्त किलोमीटर कापतो, असं आढळलं. म्हणजे प्रश्न नियम आणायचा की नाही हा नाही. साठ वर्षांहून जुना नियम रोज मोडला जातो, आणि मोडणारेच तो अव्यवहार्य असल्याचा दाखला देतात.

पण माझा मुख्य वाद पुढे आहे. ‘आठ तासांत कसं भागेल’ असं विचारणारे, तास कुठून मोजायचे हे कधीच सांगत नाहीत. त्यांच्या हिशेबात ड्रायव्हरचं काम चावी फिरवल्यावर सुरू होतं. जालन्याच्या एमआयडीसीत ज्याने चार गाड्या उभ्या राहिलेल्या पाहिल्यात त्याला ठाऊक आहे की काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं.

समजा, कळंबोलीच्या लोखंड बाजारासाठी सळई भरायची आहे. ड्रायव्हर सकाळी सहाला उठला, गाडी घेऊन दहाला गेटवर आला. नाव नोंदवलं, नंबर लागायची वाट. मग रिकाम्या गाडीचं वजन. मग यार्डात क्रेन मोकळी होण्याची वाट. त्यात भंगार घेऊन आलेल्या गाड्या आधी खाली करायच्या असतील तर आणखी वाट. माल चढला की भरलेल्या गाडीचं वजन, फरक निघाला तर दोन बंडल उतरवा, पुन्हा काट्यावर. बिल, ई-वे बिल, बिल्टी. गेटमधून बाहेर पडेपर्यंत रात्रीचे आठ. या दहा तासांत त्याने गाडी मोजून दोनशे मीटर हलवली असेल, पण झोपता येत नाही, कारण नंबर पुकारला आणि गाडी पुढे गेली नाही तर मागचा पुढे घुसतो. रात्री आठला समोर सुमारे चारशे किलोमीटर. मालकाच्या वहीत त्याची ड्यूटी आत्ता सुरू झालीय आणि तो ताजातवाना आहे.

ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये एक छोटा निबंध छापला. सलग १७ तास जागलेल्या माणसाची हातांची आणि लक्षाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खाली येते, आणि २४ तास जागल्यावर ०.१० टक्क्यांच्या पातळीला पोचते, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे वाहन चालवताना रक्तातल्या मद्याची कायदेशीर हद्द आहे ०.०३ टक्के. आपला सहाला उठलेला ड्रायव्हर रात्री अकराला वैजापूरच्या आसपास असेल. त्याने थेंबही घेतलेला नाही, पण मेंदू हद्द ओलांडून बसलाय. ही झिंग त्याला रस्त्याने आणली नाही, गेटने आणली.

आता कायदा या दहा तासांना काय म्हणतो ते पाहा. माल चढवण्या-उतरवण्याचा वेळ १९६१ च्या कायद्यानुसार कामात धरला जायचा. थांब्यावर नुसतं हजर राहण्याचा वेळ मात्र पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच कामात धरायचा, जास्त असेल तर सोडून द्यायचा. ही तरतूद लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बसचा स्टँड असावा: एक फेरी संपली, दुसरी दीड तासाने, कंडक्टर-ड्रायव्हर कँटीनमध्ये. तिथे ते चालून जातं. गेटवरच्या रांगेत याच तरतुदीचा अर्थ असा होतो की दहा मिनिटं ताटकळलास तर ते काम, आणि सात तास ताटकळलास तर ती तुझी खासगी बाब. जितकं जास्त रखडवाल तितकं वहीत कमी दिसेल.

कुणी म्हणेल, त्याच कायद्यात दिवसाचं काम विसाव्यासह १२ तासांच्या पट्ट्यात बसलं पाहिजे असंही कलम होतं. रखडपट्टी त्यात आपोआप पकडली जाईल. बरोबर, पकडली जायला हवी. पण त्यासाठी दिवस किती वाजता सुरू झाला हे कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं. बिल्टीवर वजन असतं, माल असतो, भाडं असतं. ड्रायव्हर कधीपासून जागा आहे याचा रकाना नाही.

अमेरिकेकडून काही घ्यायचंच असेल तर नेमकं हे घ्यावं. तिथे मालवाहू ट्रकचा चालक सलग १० तास सुट्टी घेतल्यानंतर जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवू शकतो, पण तेही कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत. हे १४ तासांचं घड्याळ एकदा सुरू झालं की साधारणपणे गोदामाच्या दारात उभं राहिल्याने थांबत नाही. पाच तास रांगेत गेले तर ते चौदातून गेले. साहजिकच तिथला वाहतूकदार गोदामवाल्याशी भांडतो, कारण रखडपट्टीचा खर्च त्याच्या अंगावर येतो. तिथलं सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. रांगेत गेलेल्या वेळेचे पैसे कुणी द्यायचे यावर तिथेही कटकट चालूच असते. पण निदान घड्याळ खोटं बोलत नाही.

हल्ली आपल्याकडचे काही सुधारक ‘रीसेट’ची भाषा बोलतात, त्यांनाही उत्तर दिलं पाहिजे, कारण अर्धवट उसनवारी नकारापेक्षा वाईट. अमेरिकेत ७ दिवसांत ६० किंवा ८ दिवसांत ७० तास कामाची मर्यादा आहे, आणि सलग ३४ तास सुट्टी घेतली की ही बेरीज शून्यावर येऊन नव्याने मोजणी सुरू होते. हाच रीसेट. ऐकायला सोपं वाटतं. पण २०१३ साली तिथल्या सरकारला त्यात दुरुस्ती करावी लागली: त्या ३४ तासांत पहाटे १ ते ५ अशा दोन रात्री आल्याच पाहिजेत, कारण दिवसा उन्हात घेतलेली झोप आणि रात्रीची झोप एक नसते. वाहतूकदारांनी बोंब मारली आणि २०१४ च्या डिसेंबरात तिथल्या संसदेने ही अट स्थगित केली. ज्यांच्याकडे बोट दाखवून आपण ‘तिकडे ठीक आहे’ म्हणतो, त्यांच्याकडेही रात्रीची झोप शेवटी राजकारणात हरली.

तो रीसेट जसाच्या तसा इथे आणला तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. जालन्यातून दिल्लीला मोसंबी घेऊन गेलेला ड्रायव्हर परतीचं भाडं मिळेपर्यंत दोन दिवस मंडीबाहेर गाडीतच पडून राहतो. मे महिना, तापलेली केबिन, डिझेल चोरीला जाऊ नये म्हणून एक डोळा उघडा. मालक वहीत लिहील: ४८ तास विश्रांती, मोजणी शून्य. युरोपीय संघाने हा डाव आधीच ओळखला. तिथे साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं थांबावं लागतं आणि आठवड्याची नियमित सुट्टी ४५ तासांची असते, पण ती सुट्टी केबिनमध्ये घेता येत नाही. झोपायला योग्य जागा हवी आणि खर्च मालकाचा. रीसेट हवा असेल तर या अटीसकट हवा, नाहीतर नको.

आता हुकमाचं पान. ड्रायव्हरला थांबायचं नसतं, हे खरं आहे. त्याला थांबायचं नसतं कारण त्याचा हिशेब खेपेवर असतो. महिन्यात जितके फेरे तितका पैसा. वाटखर्चाला मिळालेल्या रकमेतून वाचेल ते त्याचं. गाडी उभी राहिली की त्याची कमाई उभी राहते. अशी रचना करून, वर तो स्वखुशीने जागतो म्हणणं हा निव्वळ कांगावा आहे. युरोपीय संघाच्या त्याच नियमांत, अंतर, वेग किंवा मालाच्या वजनावर चालकाला असा मोबदला देता येत नाही ज्यामुळे रस्त्यावरची सुरक्षितता धोक्यात येईल, असं कलम आहे. झोपेचा विषय पगाराच्या पद्धतीत अडकलाय हे त्यांना कळलं. आपल्याकडे चालकाला व्याख्यानं देतात.

आणि चालक कशासाठी थांबतो तेही जालन्याने पाहिलंय. २०२४ च्या जानेवारीच्या पहिल्या दोन दिवसांत राज्यभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या, कारण ट्रक आणि टँकरचालकांनी स्टिअरिंग सोडलं होतं. भारतीय न्याय संहितेत जीवघेणा अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली होती, तिच्याविरुद्ध. तेव्हा त्यांना बेजबाबदार म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट पाहिली नाही. अपघातानंतर गुन्हा नोंदवला जातो तेव्हा त्यात स्टिअरिंगवरच्या माणसाचं नाव असतं. गाडी दहा तास रखडवणारा यार्डाचा सुपरवायझर, ‘सकाळी सातला पोचलीच पाहिजे’ म्हणून फोनवर फोन करणारा मालक, हे त्या कागदावर नसतात. शिक्षा वाढवायची तर तिचा काही भाग त्यांच्याकडेही जाऊ द्या, मग ड्रायव्हर किती विरोध करतात ते पाहू.

सरकार यात तटस्थ नाही, हेही नोंदवून ठेवतो. नॅशनल परमिटच्या गाडीवर किमान दोन ड्रायव्हर असावेत आणि दुसऱ्याला पाठ टेकायला सीट असावी, असा केंद्राचा नियम होता. पाळला जात नव्हता, तो भाग वेगळा. २०१८ च्या जुलैत सरकारने अवजड वाहनांच्या अॅक्सलवरचा परवानगी असलेला भार वाढवला, एकूण क्षमता सुमारे २० ते २५ टक्क्यांनी वर गेली. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दोन ड्रायव्हरची अट काढून टाकली. गाडीवर माल चढला, माणूस उतरला. त्यानंतर २०२१ साली केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास ठरवावेत, डुलकी ओळखणारी यंत्रं बसवावीत, असं सांगितलं. चांगलं बोलले. पण विमानात दोन वैमानिक बसतात.

नव्या ट्रकमध्ये एसी केबिन सक्तीची झाली याचं स्वागत आहे. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात इंजिनाशेजारी बसून ज्याने प्रवास केलाय त्याला त्याची किंमत सांगायला नको. मात्र एसीने झोपेची थकबाकी फिटत नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे, जालन्याच्या हद्दीपासून जवळच, सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून २५ माणसं गेली. त्यानंतर टायर फुटला की डुलकी लागली यावर दिवसचे दिवस चर्चा झाली. टायर तपासणी सुरू झाली, चालकांचं समुपदेशन सुरू झालं, ‘महामार्ग संमोहन’ हा शब्द वर्तमानपत्रांत रूढ झाला. सरळ, एकसुरी रस्ता माणसाला गुंगवतो, मान्य. पण अर्धवट झोपलेला माणूसच त्या रस्त्यावर चढत असेल तर दोष काँक्रीटला किती द्यायचा? टोलनाक्यावर टायरच्या खाचांची खोली मोजणाऱ्या माणसाने ‘कधी उठलास?’ एवढं विचारायला हरकत नव्हती.

अंमलबजावणी अशक्य आहे, हा पुढचा बचाव. लाखो गाड्या, कोण मोजणार? गंमत अशी की सगळं मोजलं जातंच आहे. फास्टॅग गाडी कुठल्या नाक्यावर कितीला आली ते सेकंदासकट सांगतो. ई-वे बिलावर गाडीचा नंबर आणि वेळ असते. गेटच्या नोंदवहीत आत आल्याची वेळ असते, वजनकाट्याच्या पावतीवर दोन्ही वजनांची. कर चुकवणारी गाडी शोधायला फास्टॅग आणि ई-वे बिल जोडून झालंय. तीच जुळणी लावली तर जालन्यात सकाळी दहाला काट्यावर असलेली गाडी, एकाच ड्रायव्हरवर, दुसऱ्या पहाटे इगतपुरीला कशी, हा प्रश्न संगणक स्वतः विचारेल. ज्याची किंमत वाटते ते मोजायला यंत्रणा सापडते. ओव्हरलोड गाडीला २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. १९६१ च्या कायद्यात ड्रायव्हरला बेसुमार राबवण्याची शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड होती. पाचशे रुपयांत आता टाकीचा तळही ओला होत नाही.

ई-वे बिलाची मुदत संपेल म्हणून गाडी पळवावी लागते, ही तक्रार तर मला कधीच कळली नाही. दर दोनशे किलोमीटरला एक दिवस मिळतो, आणि संपत आली तर वाढवून घेता येते. चारशे किलोमीटरला दोन दिवस. करखात्याने ट्रकचालकाला दिलेला वेळ त्याच्या मालकाने दिलेल्या वेळेपेक्षा जास्त आहे, हे मान्य करणं मालकाला जड जातं एवढंच.

मोसंबीचा मुद्दा खरा आहे, पण छोटा. अंबड, घनसावंगीकडून फळ उत्तरेकडे जातं, आणि बागेतून तुटलेल्या मालाला उशीर परवडत नाही. अमेरिकेतही हंगामात शेतमालाला काही अंतरापर्यंत तासांच्या नियमातून सूट आहे. इथे सूटसुद्धा लागणार नाही. दोन ड्रायव्हर ठेवले की गाडी न थांबता जाते आणि प्रत्येकाला झोप मिळते. दुसऱ्या ड्रायव्हरचा खर्च भाड्यात येईल, किलोमागे किती पैसे पडतील ते व्यापाऱ्याने मांडून दाखवावं. आणि मोसंबीच्या आडून सळई पुढे ढकलू नये. सळई नासत नाही. तसंच उसाचं: गाळपाच्या दिवसांत कारखान्याच्या तळावर नंबर लागेपर्यंत ऊसवाहतूकदार रात्र-रात्र बसून राहतो, ती नियोजनाची नामुष्की आहे, निसर्गाची घाई नव्हे.

उरतो हप्ता. इथे मी एक-दोन गाड्यांच्या मालकाच्या बाजूने आहे. तो स्वतःच अनेकदा ड्रायव्हर असतो, त्याला भाडं ठरवायचा अधिकार नसतो, आणि गेटवर त्याचा आवाज कुणी ऐकत नाही. हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकवल्याचं भाडं, मागितलं तर पुढच्या वेळी गाडी लावून घेत नाहीत. म्हणूनच तासांचा कायदा त्याच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवणं अन्याय होईल, आणि म्हणूनच कायद्याचा रोख माल भरणाऱ्याकडे वळवायला हवा. गेटमधून आत आल्यावर दोन तासांनंतरचा प्रत्येक तास हॉल्टिंगचा, सक्तीचा, आणि त्यातला ठरावीक वाटा ड्रायव्हरच्या खात्यात. बंडलं आदल्या रात्री बांधून ठेवायला, क्रेन वाढवायला, गाड्यांना वेळ ठरवून बोलवायला कारखान्यांना आज कुणी भाग पाडत नाही, कारण रांगेचा खर्च दुसराच कुणी सोसतो.

यासाठी दिल्लीकडे पाहत बसायचीही गरज नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ९१ राज्य सरकारला अधिकार देतं: चालकांचे तास आधी ठरवून त्यांची नोंद ठेवायला मालकांना भाग पाडता येतं, आणि त्या तासांबाहेर काम करणाऱ्याइतकाच करवून घेणाराही नियम मोडतो. याच कलमात आणखी एक उपकलम आहे. चालक काम करत नसला तरी गाडीजवळ थांबणं भाग असेल, तर कोणत्या परिस्थितीत तो वेळ विश्रांती समजायचा, हे राज्याला ठरवता येतं. जे ठरवता येतं ते उलटही ठरवता येतं: माल भरण्या-उतरवण्यासाठी ताटकळण्याचा वेळ विश्रांती नव्हे, असं महाराष्ट्राने स्वच्छ लिहावं. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्राला राज्यांबरोबर बैठका घेऊन या तासांची अंमलबजावणी कशी होईल ते ठरवायला सांगितलं, म्हणजे निमित्तही आहे.

घाई करण्याचं कारण दुसरंच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६१ च्या कायद्याची जागा कामगार सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेने घेतली. दंड लाखांत गेला, हे चांगलं. पण जुना कायदा पाच कामगार असलेल्या परिवहन उपक्रमाला लागू होता, नवी संहिता दहापासून लागते. आणि पंधरा मिनिटांची ती तरतूद नव्या संहितेत जशीच्या तशी आली आहे. जालन्यातल्या किती ट्रकमालकांकडे दहा माणसं कामाला आहेत? दंड वाढला आणि तो ज्यांना लागेल त्यांचीच संख्या घटली. म्हणून कलम ९१ खालची राज्याची अधिसूचना हाच आता छोट्या गाडीवाल्याकडच्या ड्रायव्हरचा खरा आधार आहे.

यावर शेवटचं उत्तर येईल ते रायपूरचं. जालन्याची सळई महाग झाली तर गिऱ्हाईक छत्तीसगडकडे जाईल. पण अधिसूचना राज्याची असेल तर महाराष्ट्रात येऊन माल उतरवणारी रायपूरची गाडीही इथल्या गोदामाच्या गेटवर त्याच घड्याळाखाली येईल, आणि कलम ९१ तर साऱ्या देशाचं आहे. तरीही टनामागे काही रुपये वाढणार असतील तर उद्योजकांनी तो आकडा जाहीर करावा. भट्टीची वीज, भंगाराचा दर, मजुरी हे सगळे आकडे ते सरकारपुढे मांडतातच. गेटच्या वहीतल्या आत आल्याच्या आणि बाहेर पडल्याच्या वेळा बिल्टीवर उतरवायला एक ओळ लागते. त्या ओळीला ज्यांची हरकत असेल त्यांनी ती लेखी नोंदवावी, कारणासह.